यंत्र घेण्याआधी नकाशा पाहा

समजा, धानोरा तालुक्यातील तुमच्या शाळेच्या निसर्ग मंडळाने परिसरातील मोहाची झाडे, नाले आणि पायवाटा नोंदवायचे ठरवले आहे. त्यासाठी जीपीएस यंत्र हवे. दुकानात आपण काय पाहतो? पडदा केवढा, पावसात चालेल का, किंमत किती. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा : या यंत्रात नकाशा कोणाचा, आणि दहा वर्षांनी तो मिळेल का?

उपग्रहांच्या संकेतांवरून यंत्र फक्त अक्षांश-रेखांश काढते. नाला कोठे, गाव कोठे, हे नकाशाने सांगायचे, आणि तो यंत्रात आधी साठवलेला असावा लागतो. मोबाइलवरचा नकाशा बहुधा इंटरनेटवरून येतो. जंगलात रेंज गेली, की कोऱ्या पडद्यावर एक ठिपका तेवढा उरतो.

शिवाय नकाशा जुना होतो. २६ ऑगस्ट १९८२ पूर्वीच्या नकाशात गडचिरोली जिल्हाच नाही. तो भाग चंद्रपुरात होता. सिरोंच्याजवळ गोदावरीवर २०१९ मध्ये मेडिगड्डा बॅरेज सुरू झाले आणि पाणी फुगले. २०२३ मध्ये त्याचे खांब खचल्यावर ते पाणी सोडून द्यावे लागले. चार वर्षांत नदीकाठ दोनदा बदलला!

खलाशीही याच पेचात आहेत. कागदी सागरी नकाशे २०२६ अखेर बंद करू, असे ब्रिटनच्या जलालेखन कार्यालयाने २०२२ मध्ये जाहीर केले. पुढे ती मुदत किमान २०३० पर्यंत लांबवली. अशा वेळी लहान नौकेच्या मालकाने कोणते यंत्र घ्यावे? एकाच कंपनीच्या कार्डावर चालणारे घेतले आणि कंपनीने ते कार्ड काढणे थांबवले, तर यंत्र धडधाकट असूनही निरुपयोगी.

आपल्याकडे वारे उलट दिशेने वाहत आहे. पूर्वी सर्वेक्षण विभागाचे नकाशे मिळवणे जिकिरीचे होते. २००५ च्या धोरणाने जनतेसाठी वेगळी नकाशामालिका आली, आणि २०१७ पासून ते नकाशे संगणकावर विनामूल्य मिळू लागले. म्हणून बाहेरचे नकाशे स्वीकारणारे साधे यंत्रच घ्यावे, असे मी आग्रहाने म्हणेन. तुमच्या नोंदीही जीपीएक्ससारख्या खुल्या स्वरूपात बाहेर काढता आल्या पाहिजेत.

शिक्षकांनी एक गोष्ट तपासावी. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या मापांवर, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर आधारलेले आहे. तेच अक्षांश-रेखांश दोन्हींवर मांडले, तर जागा शंभर मीटरहून अधिक सरकते. झाडांच्या यादीत हे खपेल. पण याच जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. वनहक्काच्या मोजणीत शंभर मीटर म्हणजे कोणाचे तरी अख्खे शेत. तेव्हा वहीत आकड्यांशेजारी कोणते माप वापरले तेही लिहा. आणि पैसे देण्याआधी आपल्या तालुक्याचा नकाशा पेन ड्राइव्हवर नेऊन दुकानदाराला म्हणा, ‘हा यात उघडून दाखवा.’