तिच्या घरातली मराठी

यंदाच्या अंकासाठी कथा भरपूर आल्या. वाघ आला, मोहफूल आलं, धानाला न मिळालेला भाव आला. मुस्लिम बाई मात्र आली ती बुरखा घेऊन, आणि तलाक ऐकून निघून गेली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलसारख्या गावात भिंतीला भिंत लागून घरं आहेत. तिथल्या लेखकाला शेजारीण एवढीच दिसावी, याचं फार वाईट वाटतं.

हीच बाई स्वतः लिहू लागली की चित्र बदलतं. २०२५चा आंतरराष्ट्रीय बुकर बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प' या कथासंग्रहाला मिळाला. हासनच्या या वकीलबाईंनी कथा लिहिल्या त्या कन्नडमध्ये. दीपा भास्तींनी त्या इंग्रजीत नेल्या. मुश्ताक यांची एक नायिका लेकरं घेऊन मशिदीच्या आवारात न्याय मागत बसते. दुसरी थेट देवालाच जाब विचारते.

आपल्याकडे १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रिया समाजसुधारक हमीद दलवाईंसोबत तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. पुढे मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे', मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय', रझिया पटेल यांचं 'चाहूल' आलं. मराठीला या आत्मकथनांचा अभिमान वाटायलाच हवा. पण आत्मकथन लिहायचं तर बाईला नावानिशी, चारचौघांत उभं राहावं लागतं. सासर, माहेर, मोहल्ला सगळे वाचणार. जिला हे झेपणारं नाही, तिला कथा हवी. कथेत नाव बदलता येतं, गाव बदलता येतं आणि मनातलं सगळं बोलता येतं. मराठीत हीच वाट अजून फार कमी मळलेली आहे.

दिवाळीच्या बाजारात अशीच एक मण्यारीण बसते. गिऱ्हाइकाचा अंगठा आत मुडपून, बोटं दाबत ती बांगडी मनगटावर चढवते. कुणाची लेक माहेरी आली, कुणाचं धान अजून बांधीतच आहे, सगळं इथल्या अस्सल झाडीबोलीत विचारते. तिच्या लेकीचं कॉलेज का सुटलं, घर कुणाच्या नावावर आहे, रमजानात पहाटेआधी चूल पेटवायला घरात कोण उठतं, हे तिला कुणी विचारत नाही. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटकं रंगतील. त्या मंचावरही ती यावी, पण रडण्यापुरती नको.

पुढच्या अंकाची काही पानं आम्ही मुस्लिम लेखिकांसाठी राखून ठेवतो आहोत. टोपणनाव चालेल, वहीच्या पानावर हातानं लिहिलेलं चालेल, झाडीबोली चालेल. उर्दूत लिहिलं असेल तर मराठी आम्ही करवून घेऊ.