एकच ‘सगळ्यात’ पुरे!

‘शी रॅन मोस्ट फास्टेस्ट!’ प्रेझेंटेशनमध्ये कुणी असं बोललं की मागच्या बाकांवर खसखस पिकते. बोलणारी मुलगी मग वर्षभर इंग्रजीत तोंड उघडत नाही. चूक एवढीशी, शिक्षा केवढी!

मित्रांनो, ही चूक अकलेची नाही, सवयीची आहे. मराठीत ‘सगळ्यात’ लावलं की काम झालं. सगळ्यात जोरात, सगळ्यात लवकर, सगळ्यात छान. मूळ शब्द तसाच राहतो. इंग्रजी बोलताना आपण ‘सगळ्यात’चं ‘मोस्ट’ करतो आणि वर शाळेत घोकलेलं ‘फास्टेस्ट’ही जोडतो. म्हणजे दोनदा ‘सगळ्यात’! गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्येही असा डबल प्रयोग सापडतो. पण मुलाखत घेणारे ती सूट आपल्याला देणार नाहीत.

नियम छोटासा आहे. फास्ट, हार्ड, सून यांना ‘एस्ट’ लावा. क्विकली, केअरफुली अशा ‘ली’वाल्यांच्या आधी ‘मोस्ट’ लावा. अर्ली मात्र अपवाद, त्याचं अर्लिएस्ट. वेलचं बेस्ट, बॅडलीचं वर्स्ट. दोन्ही एकदम कधीच नाही.

आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. सांगलीच्या स्मृती मानधनानं २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक ठोकलं. ‘द फास्टेस्ट हंड्रेड’ म्हणताना फास्टेस्ट हे शतकाचं विशेषण. माण तालुक्यातल्या ललिता बाबरनं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत पूर्ण केली. तोवरच्या भारतीय महिलांत ‘शी रॅन इट फास्टेस्ट’. इथं तोच शब्द धावण्याबद्दल सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. रूप एक, काम वेगळं.

खरा धोका पुढं आहे. ‘हार्ड’ला ‘ली’ लावू नका! हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. ‘कमवा आणि शिका’ योजनेत घाम गाळून शिकलेला पोरगा मुलाखतीत ‘आय हार्डली वर्क्ड’ म्हणाला, तर त्यानं स्वतःच्याच कष्टांवर पाणी फिरवलं. त्याला म्हणायचं होतं, ‘आय वर्क्ड द हार्डेस्ट’.

म्हणून हा नियम शिकायलाच हवा. इंग्रजांसाठी नाही, आपले कष्ट आपल्याला नीट सांगता यावेत म्हणून. दहा मिनिटांचं तर काम आहे.

आणि मागच्या बाकांवरच्या मंडळींनो, पुढच्या वेळी हसू नका. तास संपल्यावर तिला हळूच सांगा, ‘अगं, एकच सगळ्यात पुरे!’