१९११ साली १२ तास ही सुधारणा होती. २०२५ मध्ये तिला काय म्हणायचं?

किकवी : पुणे-सातारा महामार्गावर सकाळी सहाच्या आधी किकवी फाट्यावर थांबलात, तर पाठीवर सॅक आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं कंपनीच्या बसची वाट पाहताना दिसतील. पुढे सारोळ्याला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा आणि शिरवळची एमआयडीसी. उलट दिशेला खेड शिवापूरचे कारखाने आणि गोदामं. भोर आणि वेल्ह्याच्या आतल्या गावांतून आलेल्यांचा दिवस इथे पोहोचेपर्यंत तासाभराने जुना झालेला असतो. हा तास कुठल्याच कायद्यात मोजला जात नाही.

कायद्यात मोजले जाणारे तास मात्र आता बदलत आहेत. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या दुकानं आणि आस्थापनांसाठी ती ९ वरून १० झाली. जादा कामाची म्हणजे ओटीची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर गेली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहील आणि ओटीसाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असंही सांगण्यात आलं. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतही आठवड्याचे तास ४८ आहेत आणि ओटीला कामगाराची संमती लागते.

वरवर पाहिलं तर कुणाचं काही गेलेलं नाही. आठवडा तोच, दिवस तेवढा लांबला. मग अडचण काय?

आकडे काय सांगतात?

आधी साधं गणित. रोज १२ तास धरले तर ४८ तास चार दिवसांत संपतात आणि तीन दिवस सुट्टी मिळते. ऐकायला हे छानच आहे, आणि भोर-वेल्ह्यासारख्या भाताच्या पट्ट्यात तर फार छान. आवणीच्या दिवसांत सलग तीन दिवस घरी मिळाले तर मजूर शोधत फिरावं लागणार नाही.

पण मग ओटीची मर्यादा का वाढवली? १४४ ला १२ ने भागलं की १२ येतात. तिमाहीत आठवडे १३. म्हणजे चार दिवसांच्या नियमित कामावर जवळपास दर आठवड्याला १२ तासांचा आणखी एक पूर्ण दिवस बसवता येईल, असा हा आकडा आहे. सरासरी आठवडा ५९ तासांच्या आसपास जातो. जुन्या ११५ तासांनी हीच सरासरी ५७ च्या खाली होती. फरक दोन तासांचाच आहे. पण कामगाराला मोकळा वेळ द्यायचा म्हणून दिवस लांबवला असेल, तर जादा कामाची मुभा त्याच निर्णयात वाढवायचं कारण उरत नाही. तीन दिवसांच्या सुट्टीची जाहिरात आणि १४४ चा आकडा यांचा मेळ बसत नाही.

दुसरी गोष्ट पगाराच्या चिठ्ठीची. १९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर होता. दिवसाची मर्यादाच १२ झाली, तर दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या तासाला कोणता दर? चर्चा सगळी थकव्याची आणि उत्पादकतेची होते. फाट्यावर बसची वाट पाहणाऱ्याला मात्र याच तीन तासांच्या दराचं उत्तर आधी हवं असतं.

१२ तास आले कुठून?

ही मर्यादा नवी नाही. भारतात पहिला कारखाने कायदा १८८१ मध्ये आला. तो १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांपुरता होता आणि मुख्यतः लहान मुलांसाठी होता: सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांकडून ९ तासांहून जास्त काम घ्यायचं नाही. प्रौढ पुरुषाच्या तासांबद्दल त्यात काही नव्हतं. १८९१ मध्ये स्त्रियांसाठी ११ तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुट्टी आली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे लागले तशी सूर्यास्ताची अडचणही संपली आणि काही ठिकाणी दिवस १४-१५ तासांचा झाला. त्याला आळा म्हणून १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला १२ तास ठरवले. तेव्हा ती सुधारणा होती. १९२२ मध्ये दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास झाले, १९३४ मध्ये १० आणि ५४, १९४६ मध्ये ९ आणि ४८.

म्हणजे १२ वरून ९ वर यायला ३५ वर्षं लागली, आणि परत १२ वर जायला मंत्रिमंडळाची एक बैठक. आजच्या ओटीला दुप्पट दर आहे, १९२२ च्या साठाव्या तासाला तसा नव्हता, हा फरक मान्य करायला हवा. पण शरीर दर बघून थकत नाही.

जाता जाता आणखी एक. भोर तेव्हा संस्थान होतं. ब्रिटिश मुलखातले कारखाने कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. ८ मार्च १९४८ ला भोर मुंबई प्रांतात विलीन झालं आणि १९४८ चा कारखाने कायदा १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. तोवर या भागातल्या माणसाला कामाच्या तासांचा कायदा भेटला तो मुंबईच्या गिरणीतच.

लोखंडेंनी नेमकं काय केलं?

त्या मुंबईत हा विषय पहिल्यांदा रेटला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक, काही काळ मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेलं 'दीनबंधू' हे पत्र लोखंडेंनी १८८० पासून मुंबईतून चालवलं. कामगारांच्या प्रश्नाकडे ते नुसत्या मजुरीचा प्रश्न म्हणून बघत नव्हते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध नाभिकांनी वस्तरा खाली ठेवावा म्हणून त्यांनी प्रयत्न केले, १८९३ च्या दंगलीनंतर सलोख्यासाठी राणीच्या बागेत सभा घेतली. गिरणीतला माणूस गिरणीबाहेरही कसा जगतो, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यातून जे निवेदन तयार झालं त्यावर सुमारे ५,५०० जणांची नावं होती. मागण्या वाचल्या तर आज आश्चर्य वाटतं, इतक्या त्या साध्या आहेत. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत आधार. एप्रिल १८९० मध्ये झालेल्या सभेला सुमारे १० हजार कामगार जमले, दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. कायदा त्याच्या पुढच्या वर्षी आला.

लोखंडेंच्या संघटनेवर इतिहासकार एक आक्षेप घेतात, आणि तो खरा आहे. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनकडे ना वर्गणीदार सभासद होते, ना निधी, ना नियमावली. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हतीच. पण एकेकट्या कामगाराला जे मालकाला सांगता येत नव्हतं, ते ५,५०० जणांनी एका कागदावर सांगितलं.

अमेरिकेत हा वाद कसा झाला?

त्याच काळात अमेरिकाही याच प्रश्नाशी झुंजत होती. कारखाने, रेल्वे आणि शहरं झपाट्याने वाढली, मक्तेदार कंपन्या बलाढ्य झाल्या. साधारण १८९० ते १९२० या सुधारणांच्या काळाला तिथे 'प्रोग्रेसिव्ह एरा' म्हणतात. मक्तेदारीविरोधी कायदा (१८९०), शुद्ध अन्न आणि औषधांचा कायदा (१९०६), सिनेटरांची थेट निवडणूक (१९१३), स्त्रियांना मताधिकार (१९२०) हे सगळं त्यातलंच. पण सगळ्यात चिवट लढाई कामाच्या तासांवर झाली.

न्यूयॉर्क राज्याने बेकरी कामगारांसाठी दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली. १९०५ मध्ये 'लॉकनर' खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. कारण काय दिलं? जास्त तास काम करायला कामगार राजी असेल, तर तसा करार करण्याचं त्याचं स्वातंत्र्य सरकारला हिरावून घेता येणार नाही. भट्टीसमोर पहाटेपर्यंत उभ्या असलेल्या माणसाची संमती त्याच्याच विरोधात वापरली गेली. या विचाराची पकड सुटायला १९३७ उजाडलं. पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, किमान वेतन आणि जादा कामाला दीडपट दर देणारा देशव्यापी कायदा आला.

'लेखी संमती' हा शब्द वाचताना हा खटला आठवायला हवा. किकवीतून जाणारा बहुतेक तरुण कंपनीच्या नाही, ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो. ओटीचा फॉर्म समोर येतो तेव्हा 'नाही' म्हटलं तर नोकरी जाईलच असं नाही. पुढच्या सोमवारी बसच्या यादीत नाव नसेल, एवढंच. लाइनवरची पोरं कधी कधी हौसेने 'डबल मारतात', हेही खरं. बाइकचा हप्ता असतो, बहिणीचं लग्न असतं. पण मूळ पगारात भागत नाही म्हणून दिलेल्या होकाराला मोकळी संमती म्हणणं जरा जास्तच झालं.

यावर उद्योगांची बाजू अशी की, ऑर्डर वाढली की लवचिकता लागते आणि गुंतवणूक दुसऱ्या राज्यात जाते. इतर राज्यांनीही असे बदल केले आहेत, त्यामुळे ही भीती अगदी निराधार नाही. मात्र १८८० च्या दशकात मुंबईचे गिरणीमालकही हेच म्हणत होते, फक्त तेव्हा प्रतिस्पर्धी मँचेस्टर होतं. मँचेस्टरच्या मालकांना भारतात कारखाने कायदा हवा होता तो कामगारांच्या कळवळ्याने नाही, मुंबईचा माल स्वस्त पडत होता म्हणून. मालकांचं ते म्हणणं खरं होतं, तरीही रविवारची सुट्टी द्यावी लागली आणि गिरण्या त्यानंतरही कित्येक दशकं चालल्या.

तपासणार कोण?

अमेरिकेच्या अनुभवातली दुसरी गोष्ट आपल्याकडे कमी बोलली जाते. तिथल्या सुधारणा कागदावरून उतरल्या त्या निरीक्षकांमुळे. फ्लॉरेन्स केली १८९३ मध्ये इलिनॉय राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या 'ट्रँगल' कपडे कारखान्याला आग लागली आणि १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने कारखान्यांत फिरून जे पाहिलं, त्यावरून राज्याने ३० हून जास्त कायदे केले.

वेल्ह्याच्या शेजारच्या मुळशीत, उरवडे इथे ७ जून २०२१ ला रासायनिक कारखान्यात आग लागून १७ कामगार गेले. त्यातही बहुतेक महिला होत्या. चौकशी समिती नेमली गेली, मदत जाहीर झाली. उरवडेच्या नावाने ओळखला जाईल असा कायदा मात्र झाला नाही.

नव्या संहितेत निरीक्षकाच्या पदनामाला 'सुविधाकार' हा शब्द जोडला गेला आहे आणि तपासणीचं ठिकाण संगणक निवडतो. वशिलेबाजी थांबावी, हा हेतू योग्य आहे. पण विजेवर चालणारा कारखाना 'कारखाना' ठरण्यासाठीची कामगारसंख्या १९४८ च्या कायद्यात १० होती, ती संहितेत २० आहे. १८८१ मध्ये १००, १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २०, १९४८ मध्ये १० असा हा आकडा उतरत आला होता. आता तो पहिल्यांदा चढला. महामार्गालगतच्या पत्र्याच्या शेडमधली पंधरा जणांची वर्कशॉप संगणकाच्या यादीत येणारच नसेल, तर तिथे १२ तास आहेत की १४, हे विचारायला कोण जाणार?

सध्या काय करता येईल?

ओटीच्या फॉर्मवर सही करण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवता येतो. त्यावर तारीख, तास आणि दर लिहिलेला आहे का, तेही बघता येतं. पंचिंगची वेळ आणि पगारचिठ्ठीवरचे तास जुळतात का, पीएफची रक्कम खात्यात पडते का, हे उमंग अॅपवर आणि स्वतःच्या वहीत महिन्याच्या महिन्याला तपासता येतं. कोरा फॉर्म पुढे आला तर प्रश्न एकच: यातला दहावा तास साध्या दराने की दुप्पट? हा प्रश्न एकट्याने सुपरवायझरला विचारणं अवघड जातं. एका बसमध्ये चाळीस जण असतात.