बक्षिसाबाहेरचे लेखन

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, महाविद्यालयात काय होणार हे कोणीही आदल्या दिवशीच सांगेल. ग्रंथदिंडी निघेल, फेटे बांधले जातील, निबंध आणि स्वरचित कवितांची स्पर्धा होईल, पाहुणे भाषेच्या भवितव्याची काळजी वाहून चहाला जातील. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनही असतो. तेव्हा पुस्तके हातात धरून फोटो निघतात. लेखनाची आठवण मात्र स्पर्धेपुरतीच.

कॉलेज चालते ते दुसऱ्याच लेखनावर. फाटकावरची नोंदवही, खानावळीच्या फळ्यावरचे 'आज पोळ्या उशिरा', बोनाफाइडसाठीचा अर्ज, हजेरीपटाच्या कडेला पेन्सिलीने केलेली खूण, परीक्षा विभागाची सूचना. (नॅकच्या फायलींचे नाव मुद्दामच घेतलेले नाही, त्या लिहिणाऱ्यांना आधीच पुरेसा त्रास आहे.) कविता छापायची राहिली तर कोणाचे काही अडत नाही. तास रद्द झाल्याची सूचना वेळेवर लागली नाही, तर दोन एसटी बदलून आलेली मुलगी तशीच परत जाते. नेमकी सूचना लिहिणाऱ्या लेखनिकाला आजवर कोणी श्रीफळ दिलेले नाही. अमेरिकेत इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना २००९ पासून २० ऑक्टोबरला लेखन दिन पाळते आणि रोजचे, साधे लिहिणेही त्यात मोजते. आपल्याकडे असा आणखी एक 'दिन' नको. आहेत त्यांनाच सभागृह अपुरे पडते. पण ती दृष्टी घ्यायला हरकत नाही.

ती नसल्याने काय होते, हे पाहायचे तर प्रयोगशाळेत जावे. साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष: सगळे मागच्या वर्षीच्या वहीतून उतरते आणि गुरुत्वत्वरण हमखास ९.८ येते. आधी उत्तर, मग त्याला शोभतील अशी निरीक्षणे! खरा प्रयोग इतका आज्ञाधारक नसतो. घड्याळाचे बटण दाबतानाच 'एक' म्हटले, तर वीस दोलने म्हणून एकोणीसच मोजली जातात आणि उत्तर १०.८च्या वर जाते. दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता आकड्यापर्यंतच मोजली, तर ते खाली घसरते. ही गफलत शोधून स्वतःच्या दोन वाक्यांत लिहिणारा विद्यार्थी खरे गद्य लिहितो. आपण त्या पानावर लाल शाईने 'पुन्हा करा' असा शेरा मारतो. मग तोच मुलगा निबंध स्पर्धेत 'विज्ञान : शाप की वरदान' लिहून पहिला येतो, आणि तो निबंधही कुठून तरी उतरवलेलाच असतो.

अर्जाचेही तसेच. 'वरील विषयास अनुसरून' हे इतके पाठ असते की विषय काय आणि हवे काय, हे सांगायचेच राहून जाते. फी भरायला मुदत हवी असेल तर ती का आणि किती, हे न लाजता आणि न रडता लिहिता येणे ही मोठी विद्या आहे. ती कोणत्याच तासाला शिकवली जात नाही.

विद्यार्थ्याच्या लेखनाला कमी लेखण्याचे कारण आपल्या इतिहासात तरी सापडत नाही. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'ने छापला. एका शाळकरी मुलीने आपल्या माणसांचे जगणे पाहिले आणि ते स्पष्ट लिहिले. आज पदवीच्या वर्गांत तो आदराने वाचला जातो. त्याच वर्गातल्या मुलीने वसतिगृहातल्या पाण्याबद्दल तितक्याच स्पष्टपणे लिहिले, तर तो कागद तक्रारपेटीतून पुढे सरकत नाही.

महाविद्यालयाच्या यंदाच्या वार्षिक अंकात चार पाने या रोजच्या लेखनाला द्यावीत. लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन, त्याच्या नावानिशी, शुद्धलेखनाची इस्त्री न फिरवता. संपादक मंडळात कार्यालयातल्या लेखनिकाला एक खुर्ची द्यावी. आणि प्रयोगवहीच्या गुणांतले दोन, चुकलेल्या उत्तराचे कारण नीट लिहिणाऱ्यासाठी राखावेत.