डब्यात काय आहे एवढं?



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. पुण्याहून ताईचा फोन आला, "अरे, तब्येत बरी आहे ना तुझी? लिहिणं का बंद?" तब्येत ठणठणीत आहे ताई, कुरकुरत होता तो लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आमचा जुना लॅपटॉप काही केल्या विंडोज ११ घ्यायला तयार होईना. नातू इथेच कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "आजोबा, आता लॅपटॉप नको. सुटे भाग आणू आणि घरीच डेस्कटॉप जोडू. स्वस्तात पडेल आणि मला पण जोडायला मिळेल."

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम यांवर आमचं पाच मिनिटांत एकमत झालं. कारण उघड आहे, मला त्यातलं काही कळत नाही! भांडण झालं ते डब्यावरून. डबा म्हणजे कॅबिनेट, ज्यात हे सगळं बसवायचं ती पेटी.

शाळेत असताना आम्ही सगळे या पेटीला 'सीपीयू' म्हणायचो. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे. "सीपीयूवर फुलदाणी ठेवू नका" अशी सूचना मीच एकदा फळ्यावर लिहिली होती. पुढे एमएस-सीआयटीचा कोर्स करताना कळलं की सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीएवढी चपटी चिप. बाकीचा नुसता पत्र्याचा डबा. तेव्हापासून मी डबाच म्हणतो.

तर नातवाला हवा होता काचेचा डबा. एका बाजूला टफन्ड काच, आत रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे. राजारामपुरीतल्या दुकानात असे दहा-बारा डबे ओळीनं मांडलेले. गणपतीचं मखर असावं तसे लखलखत होते. दुकानदार म्हणाला, "काका, हेच चालतंय आता. नाद खुळा दिसतंय बघा." मला मात्र पत्र्याचा, पुढं जाळी असलेला, काळा, बसका डबा आवडला. नातवाचं तोंड उतरलं. "आजोबा, डब्यात काय आहे एवढं? पैसे तुमचे, पण दिसायला तरी चांगला असू दे की!"

या त्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा लेख. माझं मत असं, की घरी संगणक जोडताना लोक डबा सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत आणि रंग-दिवे बघून घेतात, ते चुकतं. डब्यावर पैसे जास्त घालू नका, पण विचार जास्त घाला. आतलं सगळं पाच-सात वर्षांत जुनं होतं. डबा राहतो.

राहतो म्हणजे किती? आमचा पहिला संगणक २००६ च्या दिवाळीत आला. बिस्किटी रंगाचा उभा डबा, एसएमपीएससकट नऊशे रुपयांचा. २०१३ साली त्याचा मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं बदललं. डबा तोच. नवा बोर्ड जुन्या भोकांवर अचूक बसला, तेव्हा मला आश्चर्यच वाटलं होतं. नातवानं आता त्याचं कारण सांगितलं. इंटेलनं १९९५ साली एटीएक्स नावाचं एक माप ठरवून दिलं. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं अमुक जागी, मागची खिडकी अमुक जागी. दोन वर्षांनी त्याचंच धाकटं भावंड आलं, मायक्रो एटीएक्स, २४४ बाय २४४. त्यातली भोकंही थोरल्याच्या मापाशी जुळवून ठेवलेली. म्हणून आज घेतलेल्या साध्या डब्यात दहा वर्षांनी येणारा बोर्डही बहुधा बसेल. कंपनीच्या तयार डेस्कटॉपचं मात्र बघून घ्या. त्यांतल्या पुष्कळांचा बोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्याच मापाचा असतो, आतलं बिघडलं की डबाही भंगारात.

आता हे सगळं मी का इतकं मनावर घेतो, ते सांगतो. जवळच्या नातेवाइकांना माहीत आहे, पण इथे मी ते कधी लिहिलं नव्हतं.

ही गेली २०१६ साली. त्याआधीची दोन-अडीच वर्षं आम्ही दोघं रोज संध्याकाळी एक काम करायचो. ती तिच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आठवून आठवून सांगायची आणि मी बरहावर टाइप करायचो. मध्येच म्हणायची, "थांबा, चुकलं, तिथं 'बंधू' नाही, 'बंधवा' आहे." मराठीचा मास्तर मी, पण त्या संध्याकाळी चुका ती काढायची. दोनशेच्या वर ओव्या झाल्या होत्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांना धोक्याची पातळी, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं घर नागाळा पार्काच्या सखल बाजूला, तळमजल्यावर. पाणी गल्लीत आलं तेव्हा मी पेन्शनची कागदपत्रं उचलली, देव उचलले, हिचा फोटो उचलला, तांदळाचं पोतं शेजाऱ्याच्या पोरांनी माडीवर नेलं. टेबलाखालचा डबा आठवला तेव्हा पाणी गुडघ्याला लागत होतं. वायरी सोडवून तो मला एकट्याला उचलेना. जड, बोजड, धरायला कुठं जागा नाही. पोरगा परत येईपर्यंत डबा निम्मा बुडाला होता.

पाणी ओसरल्यावर उघडला, तर आत बोटभर गाळ. हार्ड डिस्क दोन ठिकाणी दाखवली. काही निघालं नाही.

आता कुणी म्हणेल, मास्तर, दोष डब्याचा नाही. दुसरीकडे कॉपी ठेवायला हवी होती. शंभर टक्के बरोबर! मुलांना आयुष्यभर "पेपर तपासून मग द्या" सांगणाऱ्यानं स्वतः ते केलं नाही. पण तो डबा जमिनीवर का होता? तर तो टेबलावर मावत नव्हता. आणि तो वेळेला का उचलला नाही? तर तो उचलण्यासारखा नव्हता. या दोन्ही गोष्टी मी २००६ साली दुकानात उभा असताना ठरवल्या होत्या, रंग बघून. २०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच पूर आला, तेव्हा घरात लॅपटॉप होता. काखेत मारून निघालो.

म्हणून या वेळी माझी पहिली अट: डबा टेबलावर मावला पाहिजे आणि शहात्तर वर्षांच्या माणसाला एकट्याला उचलता आला पाहिजे. मायक्रो एटीएक्सचा बसका डबा दोन्हीत पास होतो. काच आली की वजन वाढतं. शिवाय टफन्ड काचेचा स्वभाव असा, की मध्ये बुक्की सोसेल, पण काढून ठेवताना कड फरशीवर टेकली की क्षणात चुरा. आमच्या घरात सगळीकडे फरशीच.

दुसरी अट हवा. हे मला नातवापेक्षा चांगलं कळतं असं माझं म्हणणं आहे, कारण मी लहानपणी गुऱ्हाळावर राबलेलो आहे. चुलवाणात खालून हवा आत ओढली जाते आणि धुराड्यातून वर जाते. धुराडं चोंदलं किंवा पुढचं तोंड बुजलं की जाळ धरत नाही. डब्याचंही तसंच. पुढून गार हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर. पुढच्या बाजूला अख्खी काच किंवा गुळगुळीत प्लास्टिक लावलं आणि कडेला बोटभर फट ठेवली, तर पंखे कितीही फिरोत, नुसताच आवाज. पुढं जाळी पाहिजे.

तिसरी अट धूळ. जाळीच्या आत बारीक फिल्टर पाहिजे आणि तो स्क्रू न खोलता हातानं निघाला पाहिजे, म्हणजे धुतला जातो. नातवानं यात एक चांगली भर घातली. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवायचे. मग आतली हवा फटींमधून बाहेर जायला बघते आणि फटींमधून धूळ आत येत नाही. त्यानं १२० मिलिमीटरचे दोन पंखे पुढं आणि एक मागं बसवला. हे मला पटलं.

चौथी अट ऐकून हसू नका. मागच्या बाजूला कार्डांसाठी पट्ट्या असतात. स्वस्त डब्यात त्या तोडून काढायच्या असतात, एकदा तोडली की भोक कायमचं उघडं. आमच्या जुन्या डब्यात २०१३ नंतर दोन भोकं उघडी होती आणि त्यातून पाल आत जाऊन राहिली होती. कोल्हापूरच्या पावसात पाली, झुरळं, मुंग्या सगळ्यांनाच उबदार जागा हवी असते. पट्ट्या स्क्रूनं परत लावता येतील असाच डबा घ्या.

आणि पाचवी गोष्ट दुकानात मिळत नाही. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, पुष्कळांच्या घरी? डबा बदलून ते जाणार नाही. एसएमपीएसमधून डब्याच्या पत्र्याला अर्थिंग जोडलेलं असतं, पण घराच्या बोर्डातल्या तिसऱ्या भोकामागं तारच नसेल, तर तो पत्रा बिचारा काय करणार? इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या. एसएमपीएसही डब्याबरोबर फुकट आलेला वापरू नका, वेगळा चांगला घ्या.

एवढं सगळं मी दुकानातून परतताना नातवाला ऐकवलं. आमच्या वर्गातली पोरं अशा वेळी खिडकीबाहेर बघायची. यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजोबा, तुमचं सगळं मान्य. पण काचेचा एक फायदा तुम्ही सांगितलाच नाही. काचेतून आतली धूळ दिसते. तुमच्या पत्र्याच्या डब्यात सहा वर्षं पाल राहिली आणि तुम्हाला पत्ता नव्हता."

काय बोलणार? खरं आहे ते. पत्रा झाकतो. पत्र्याच्या डब्याची बाजू घेताना मी हे विसरलो होतो, की झाकलेलं आपण उघडून बघत नाही. काच नको असेल, तर उघडून बघायची सवय हवी. तेव्हा आमच्यात तह झाला. डबा पत्र्याचा, पण दर खंडेनवमीला तो टेबलावर घ्यायचा, झाकण काढायचं, पंखे ब्रशनं झाडायचे, फिल्टर धुवायचे. आजवर आपण खंडेनवमीला बंद डब्याला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल ठेवत होतो. फूल ठेवूच, पण साफसफाई आधी. काचेचे जे पैसे वाचले त्यात दुसरी डिस्क घेतली. ती ताईकडे पुण्याला राहणार आणि दर दिवाळीला बदलून येणार.

मग गेल्या रविवारी दोघांनी मिळून संगणक जोडला. म्हणजे त्यानं जोडला, मी स्क्रू वाटीत धरून बसलो होतो. पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरले आणि पुढच्या जाळीवर हात धरला तर हवा आत ओढली जात होती. हे लिहितोय ते त्याच्यावरच.

आता नातेवाइकांना एक विनंती. २०१५ साली ताईच्या साठीनिमित्त मी तिला काही ओव्या छापून पाठवल्या होत्या. तिनं त्या जपून ठेवल्या आहेत, एकसष्ट भरल्या. बाकीच्या गेल्या. पण हिच्या बहिणींना, भाच्यांना त्यांतल्या काही नक्की येत असतील. अर्धी आठवत असली तरी चालेल, नुसती पहिली ओळ असली तरी चालेल. फोन करा, मी टाइप करून घेतो. चुका काढायला आता ती नाही, त्यामुळे दोघी-तिघींनी सांगितलेलं ताडून बघावं लागेल.

डबा तयार आहे.