अर्ध्या आण्याची डाक आणि कापसाचा भाव

टपालाचा इतिहास म्हटला की तिकिटांचे संग्राहक पुढे सरसावतात. लखोट्याच्या आत काय लिहिले होते, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः स्कॉटिश लोकांच्या परदेशी डाकेचा व व्यापाराचा जो इतिहास आहे, त्याचा एक धागा आमच्या वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे)च्या शिवारातून गेलेला आहे. १८५४ साली लॉर्ड डलहौसी या स्कॉटिश उमरावाने, ज्यात हा वर्ध्याचा मुलूख होता ते नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा केले, आणि तसे करताना इकडील कापसावरची नजर आपल्या टिपणात लपविली नाही; त्याच वर्षी ऑक्टोबरात, अंतर कितीही असो, हलक्या पत्रास अर्धा आणा असा देशभर एकच दर त्याने अमलात आणला. यांतील पहिल्या कृत्यास अन्याय व दुसऱ्यास सुधारणा म्हणण्याचा प्रघात आहे. मला ती एकाच दप्तराची दोन पाने वाटतात.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली व तिकडचा कापूस अडला, तेव्हा हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे मोल आले. परंतु ते मोल ठरे लिव्हरपूलला, आणि त्याची वार्ता शेटलंडच्या आर्थर अँडरसनने भागीदारीत उभारलेल्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींनी सुएझमार्गे मुंबईस व तेथून डाकेने इकडे येई. डाकेचा दर सर्वांना सारखा होता, हे खरे. पण पत्र यायचे अडत्याच्या नावे, आणि ज्याने कापूस पिकविला तो बंडीवर बसून अडत्या सांगेल तोच भाव ऐके! पुढे १८७० साली जॉन पेंडर या स्कॉटिश कापडव्यापाऱ्याच्याच पुढाकाराने समुद्रातली तार मुंबईस पोहोचली. आठवड्यांचे अंतर तासांवर आले, परंतु तारेचा खर्च शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचा असल्याने तफावत मिटण्याऐवजी रुंदावलीच असावी.

म्हणून तिकीट कापून घेऊन कागद रद्दीत घालण्याची जी रीत आहे, ती मला अक्षम्य वाटते. वर्धा-हिंगणघाटच्या जुन्या पेढ्यांत जो पत्रव्यवहार उरला असेल, मग तो मोडीत असो वा इंग्रजीत, त्याच्या नकला जिल्हा प्रशासनाने करवून घ्याव्यात. टपालाचा शिक्का आणि खरेदीच्या वहीतली तारीख शेजारी ठेवली, म्हणजे मधल्या दिवसांत कोणी किती कमावले त्याचा हिशेब मांडता येईल.