सुरक्षिततेच्या नावाखाली

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला आज बहुधा अर्धा तासही लागत नाही. डोळा तेवढा बधिर करतात, रक्तस्राव नाममात्र, आणि सकाळी आलेला रोगी सायंकाळी घरी परततो. तत्पूर्वी त्याच्या हाती पडणारी तपासण्यांची यादी पाहिली, तर त्याच्या हृदयालाच सुरी लावायची आहे असे कोणालाही वाटावे. रक्त, मूत्रपिंड, यकृत, रक्त गोठण्याचा काळ, छातीचा एक्स-रे, ईसीजी, आणि वर फिजिशियनचे 'फिटनेस'. शेतमजुराला यापायी तालुक्याच्या गावी दोन-तीन खेपा पडतात. दर खेपेस त्याचा रोज बुडतो, सोबतच्या मुलाचाही बुडतो. शस्त्रक्रिया मोफत असली तरी हा खर्च सरकारी हिशेबात कोठे दिसत नाही. 'पुढल्या वर्षी पाहू' म्हणत अंधार पत्करणारी म्हातारी माणसे गावोगाव आहेत.

हे सारे सुरक्षिततेसाठी, असे उत्तर मिळते. ते खरे नाही, आणि खरे नसल्याचे सिद्ध होऊन पंचवीस वर्षे लोटली. अमेरिका व कॅनडातील नऊ केंद्रांत १९,५५७ शस्त्रक्रियांची जणू चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी केली गेली. एका गटात सरसकट तपासण्या झाल्या; दुसऱ्यात लक्षणांमुळे गरज भासली तरच. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत वैद्यकीय गुंतागुंतीचे प्रमाण दर हजारी ३१.३, म्हणजे दशांशापर्यंत सारखे! नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले व पूर्ण भूल लागणारे रोगी या अभ्यासात नव्हते, हे नमूद केले पाहिजे. तरीही त्याच अमेरिकेत २०११ साली सरकारी विम्याखालील ५३ टक्के वृद्धांची मोतीबिंदूपूर्वी एखादी तरी तपासणी झालीच. ती होणे रोग्याच्या प्रकृतीपेक्षा डॉक्टर कोण यावर अधिक अवलंबून होते!

यात नवल नाही. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले की वैद्यकीय सेवेच्या बाजारात गिऱ्हाइकाला काय हवे हे विक्रेताच जाणतो. त्यात 'कट'ची भर पडली की मागणी निर्माण करण्याचा धंदा पुरा होतो. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांनी कमिशन निषिद्ध ठरविले. महाराष्ट्रात २०१७ साली कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला. तो कायदा झाला नाही. सगळेच डॉक्टर लोभी नसतात. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आल्याचे स्पष्ट झाले आणि कित्येक डॉक्टर केवळ खटल्याच्या धास्तीने कागद जमवतात. पण धास्ती डॉक्टरची आणि बिल रोग्याचे, हा कोठला न्याय?

खरी तयारी स्वस्त असते. रक्तदाब पाहावा, मधुमेह्याची साखर पाहावी, पिशवीत बांधून आणलेल्या गोळ्या एकेक करून विचाराव्यात. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या पुरुषाची बाहुली शस्त्रक्रियेच्या वेळी दगा देते, हे २००५ पासून माहीत आहे. शल्यविशारदाला आधी कळले तर तो तजवीज करू शकतो. रक्ताचा कोणताही अहवाल हे सांगणार नाही. शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन घातल्याने जंतुसंसर्गाचा धोका घटतो, आणि त्याला चार पैसे पडतात. प्रश्न विचारण्याचे बिल फाडता येत नाही, म्हणूनच तो घाईघाईत उरकला जातो.

आता थोडे स्वकीयांविषयी. श्रीमंताच्या होतात त्या सर्व तपासण्या गरिबाच्याही फुकट झाल्या पाहिजेत, ही मागणी आपल्या व्यासपीठांवरून टाळ्या घेते. तिचा अर्थ इतकाच, की रोग्याच्या खिशाशी बसलेला दलाल उठून सरकारी तिजोरीपाशी बसेल. निरर्थक तपासणी फुकट केल्याने सार्थ होत नाही. कार्यकर्त्यांनी शिबिरांतून तपासण्यांचे आकडे मिरवणे आधी थांबवावे. जिल्हा रुग्णालयात मागावयाचे ते हे: प्रत्येक तपासणीपुढे तिचे कारण मराठीत लिहिलेले असावे, कारण नसेल तर तपासणी नसावी, आणि जे आवश्यक ते एकाच खेपेत, शस्त्रक्रियेच्याच दिवशी सकाळी व्हावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. मोर्चा मात्र लागेल.